ओंकारचे निरोप

घर सोडायचं की नाही, हे ठरवायला रेश्माला पाच महिने लागले. घटस्फोट घ्यायचा हे मात्र एका संध्याकाळी ठरून गेलं होतं, तेही फारसं न बोलता. सहादेव कामावरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "असं किती दिस चालायचं?" आणि ती कणीक मळता मळता म्हणाली, "नको चालवायला." एवढंच. सोळा वर्षांचा संसार, पण त्या दिवशी दोघांपैकी कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. बनुबाई, म्हणजे सहादेवची आई, बाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आत काय झालं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

रेश्मा अकोले तालुक्यातली. डोंगरातल्या गावातली, भाताच्या खाचरांत चिखल तुडवत वाढलेली. लग्न होऊन नगरजवळच्या नागापूरला आली तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात तिचा घोळणा फुटायचा. कारखान्यांचा भोंगा झाला की दचकायची. सहादेव मूळचा कर्जतकडचा, एमआयडीसीत लेथ मशीनवर टर्नर. कंपनीपासून थोड्या अंतरावर त्याने जागा घेऊन दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर पत्र्याची एक खोली बांधली होती, बरंचसं काम सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने केलेलं. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. आरतीचा जन्म झाला तेव्हा त्याने सगळ्या कंपनीत जिलेबी वाटली होती, आणि मुलगी झाली म्हणून ज्याने नाक मुरडलं त्याच्या हातावर दोन जास्त ठेवल्या होत्या. हे रेश्मा शेवटपर्यंत विसरली नाही. त्यामुळेच सगळं अवघड झालं.

बिनसलं ते त्याची कंपनी बंद पडली तेव्हा. आठ महिने तो घरी बसून होता. रेश्मा मग इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपात जाऊ लागली. वायरी सोलायच्या, टोकांना धातूचे लग दाबून बसवायचे, प्रत्येक वायरीवर नंबर चढवायचा. काम किचकट होतं, पण तिचा हात त्यावर बसला. आपल्याला असलं काही येतं, याचं तिचं तिलाच नवल वाटायचं. एकदा काम उशिरापर्यंत चाललं म्हणून सुपरवायझरने तिला आणि आणखी दोघींना गाडीतून चौकापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी सहादेव वर्कशॉपच्या गेटवर उभा होता. पन्नास माणसांच्या देखत तो तिच्या चारित्र्यावर बोलला. काय बोलला ते रेश्माने पुढे कोणालाच सांगितलं नाही, सख्ख्या भावालाही नाही.

त्याला नंतर दुसरी नोकरी लागली. गेटवरच्या त्या प्रकाराची त्याला लाज वाटत होती, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. पण तो कधी "चुकलं" म्हणाला नाही. तो म्हणेल, म्हणून तिने वाट पाहिली. पहिली दोन-तीन वर्षं भांडणं झाली. मग भांडणंही संपली, आणि त्यानंतर घर जे गप्प झालं ते झालंच.

घटस्फोटाचं ठरल्यावर ती नगरला कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ.

"दोघांच्या राजीखुशीने घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं," त्या म्हणाल्या.

"घरातल्या घरात वेगळं राहिलं तर?"

"तेही चालतं कधी कधी. पण पटवून द्यायला जड जातं. कोणीतरी बाहेर पडलेलं बरं." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण तुम्ही पडू नका बाई. आज दोघं शहाणे आहात. उद्या तो फिरला तर म्हणेल, ही आपणहून घर सोडून गेली. आणि पोरं मागं ठेवून गेलात, तर उद्या पोरं मागताना तुम्हालाच त्रास होईल. निघायचंच असलं तर पोरं घेऊन निघा."

पोरं घेऊन निघायचं म्हणजे अकोल्याला, माहेरी. भाऊ राम तयारच होता. "ताई, तू नुसती हो म्हण, मी गाडी घेऊन येतो," असं तो प्रत्येक फोनवर म्हणायचा. पण आरती दहावीला होती. रेश्माने तिच्यापाशी विषय काढला तेव्हा पोरीने पुस्तकातून मान वर केली नाही.

"मी कुठंच येणार नाही. माझी शाळा इथं आहे, आज्जी इथं आहे. तुला जायचं तर तू जा."

मग सहादेवने बाहेर पडायचं? बनुबाईने ते ऐकलं आणि ओट्यावरून उठून आत आली. "माझ्या लेकानं विटंवर वीट ठिवून घर केलं. त्यो का म्हनून जाईल? आन त्यो गेला तर मी बी त्याच्या मागं जाईन. मी काय इथं सुनेच्या राज्यात राहू?" म्हातारी बोलायला कडक होती, पण दोन्ही पोरं तिच्याच मांडीवर वाढली होती. रेश्मा कामावर गेली की ओंकारला खाऊ घालणारी, त्याची शाळेची रिक्षा यायची वाट बघत दारात उभी राहणारी तीच. ती गेली असती तर घर अर्धं रिकामं झालं असतं.

म्हणून कोणीच गेलं नाही. आतल्या खोलीत रेश्मा आणि पोरं, पुढच्या खोलीत सहादेव आणि त्याची आई. स्वयंपाकघर सगळ्यांचं. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलायचं झालंच तर मधे ओंकार होता.

ओंकार आठ वर्षांचा, तिसरीत. "पप्पांना सांग, गॅस संपत आलाय." "मम्मीला विचार, माझा निळा शर्ट कुठं हाय." पोर या खोलीतून त्या खोलीत पळायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरंच झालं, तोंडाला तोंड लागत नाही, असं रेश्माला वाटायचं.

दिवाळीच्या आधी ओंकारचं पोट दुखायला लागलं. आधी सकाळी शाळेला जाताना, मग शाळेतही. बाईंचे फोन यायचे, "घेऊन जा याला." डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली. कशात काही नाही. डॉक्टरांनी ओंकारला बाहेर बसायला सांगितलं आणि रेश्माला विचारलं, "घरी काही चाललंय का?" ती म्हणाली, "नाही." घरी येताना रिक्षात पोर तिच्या दंडाला टेकून झोपलं आणि ती सारखी मनात म्हणत राहिली, की घरी तर काहीच चाललेलं नाही, एक शब्दसुद्धा नाही.

त्यानंतरच्या रविवारी शाळेत पालकांची मीटिंग होती. रेश्मा सकाळीच ओंकारला म्हणाली, "पप्पांना सांग, मीटिंगला तुम्ही जा. मला तुमच्याबरोबर कुठंही यायचं नाही."

दुपारी सहादेव परत आला तो हातात पिशवी घेऊन. सरळ स्वयंपाकघरात आला आणि पिशवी कट्ट्यावर ठेवली. सीताफळं होती, चांगली डोळे उघडलेली, पिकायला आलेली. तो थोडा घुटमळला. कित्येक महिन्यांत तो तिच्याशी थेट बोलला नव्हता.

"ओंकार म्हनला, तुला खाऊ वाटत्यात."

"मी? मी असं काही म्हणाले नाही."

"मीटिंगवरून येताना आना म्हनलीस ना?"

रेश्माने हातातली पळी खाली ठेवली. "मी म्हणाले होते, मला तुमच्याबरोबर कुठं यायचं नाही. एवढंच सांगितलं होतं त्याला."

 तिला एक जुना निरोप आठवला. ती म्हणाली, "मागच्या महिन्यात मला ताप होता, तेव्हा तुम्ही विचारलं होतं ना, दवाखान्यात नेऊ का म्हणून?"

त्याने कपाळ चोळलं. मग म्हणाला, "न्हाई. मी म्हनलो होतो, इचार तिला, आज भाकरी व्हनार हाय का न्हाई."

दोघं तिथंच उभे राहून एकेक निरोप आठवू लागले. गणपतीत तिने म्हणे त्याच्यासाठी मुद्दाम जास्तीचे मोदक ठेवले होते. त्याने म्हणे तिच्या नव्या साडीचं कौतुक केलं होतं. तिने "आवाज कमी करायला सांग त्या टीव्हीचा" म्हटलं, ते पुढच्या खोलीत "मम्मी विचारते, तुमचं डोकं दुखतंय का" होऊन पोचलं होतं. यातलं काहीच घडलं नव्हतं. पाच महिने आठ वर्षांचं पोर दोन खोल्यांच्या मधल्या दहा पावलांत सगळं बदलत होतं. कडू शब्द पोटात ठेवत होतं आणि स्वतःच्या मनचे गोड शब्द पुढे नेऊन देत होतं.

तेवढ्यात ओंकार बाहेरून खेळून आला. आई-बाप समोरासमोर उभे, बोलतायत, मधे कट्ट्यावर सीताफळं. त्याचा चेहरा असा उजळला की रेश्माला त्याच्याकडे बघवेना. पोराला वाटलं, जमलं.

त्या आठवड्यात ती आणि सहादेव वरच्या पत्र्याच्या खोलीत बसून पहिल्यांदा नीट बोलले. पुन्हा एकत्र राहायचं का, हा विषय दोघांनीही काढला नाही. कधी काळी निघाला असता, पण आता दोघांच्याही अंगात ते बळ नव्हतं.

"एकानं निघायलाच पाहिजे," रेश्मा म्हणाली. "नाहीतर हे पोर असंच झिजत राहील."

"मी जातो," सहादेव म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता, तिला ते कळलं.

"तुम्ही गेलात की तुमच्या आई जाणार. मी सकाळी आठला कामावर. आरती माझ्याशी धड बोलत नाही. ओंकारला कोण बघणार?"

"मग त्याला घेऊन जा."

"आणि बहीण-भावाची ताटातूट करू? त्या दोघांना आता एकमेकांशिवाय आहे कोण?"

सहादेव खाली मान घालून फरशीकडे बघत बसला.  रेश्मा उठताना म्हणाली, "मी निघते. जवळच खोली बघते, पोरं चालत येतील अशी."

वकीलबाई चिडल्या. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला?" म्हणाल्या. पण मग त्यांनीच कागद तयार केला. पोरं सध्या वडिलांच्या घरी राहतात ती शाळेच्या सोयीसाठी, आईने त्यांना सोडलेलं नाही, रोज संध्याकाळी ती आईकडे जातील, असं त्यात होतं. सहादेवने न वाचताच सही केली. राम फोनवर म्हणाला, "ताई, पोरं टाकून गेलेली बाई म्हणतील तुला. पोरांना घेऊन गेलेलीला कोणी नावं ठेवत नाही." ती म्हणाली, "म्हणू दे." फोन ठेवल्यावर मात्र ती मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

पोरांना सांगायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. आरती अभ्यास करत होती. ऐकून म्हणाली, "माझी परीक्षा झाल्यावर गेली असतीस तर?"

"मार्चपर्यंत ओंकारचे हाल होतील गं."

"सगळं ओंकारसाठी," आरती म्हणाली आणि पान उलटलं.

ओंकारला तिने मांडीवर घेतलं. आठ वर्षांचं पोर मांडीत मावत नव्हतं. तिने त्याला खोली कुठं आहे, तिथून शाळेची पाण्याची टाकी कशी दिसते, रोज संध्याकाळी आपण दोघं काय काय खाणार, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "मी चुकीचं सांगितलं म्हणून चाललीस का?"

"नाही रे. तू काहीच चुकला नाहीस."

"मी आता नीट सांगेन, मम्मी. तू जसं बोलशील तस्सं."

रेश्माने त्याचं डोकं छातीशी धरलं.  त्या वेळी आपण काय उत्तर द्यायला हवं होतं, हे ती आजही कधी कधी वायरी सोलता सोलता शोधत असते.

मंगळवारी दुपारी पोरं शाळेत असताना ती निघाली. एक गोदरेजचं लहान कपाट, शिलाई मशीन, दोन पातेली, अंथरूण, एवढंच छोट्या टेम्पोत चढवलं. बनुबाई सकाळीच "देवळात जाऊन येते" म्हणून बाहेर पडली होती, ती टेम्पो गेल्याशिवाय परत आली नाही. सहादेवने सामान चढवायला हात लावला. कपाटाला ओरखडा पडू नये म्हणून त्याने मधे पोतं घातलं. टेम्पोवाल्याला वाटलं, घरातलं माणूस नोकरीनिमित्त कुठं तरी चाललंय. त्याने विचारलं, "वहिनी, बदली झाली का?" ती म्हणाली, "हो."

नवी खोली चार गल्ल्या सोडून होती. घरमालकीण भागूबाई एकटी विधवा. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "लेकरं हायेत का?" "दोन आहेत." "मंग कुठं हायेत?" रेश्माने सांगितलं. भागूबाईने तिला खालपासून वर न्याहाळलं आणि ती आत निघून गेली. वर्कशॉपातही तसंच झालं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण डबा खायला बसल्यावर पोरांचा विषय निघाला, की बायका तिच्याकडे एकदा बघून विषय बदलायच्या.

ओंकार रोज सहाच्या सुमाराला यायचा. सहादेव त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायचा आणि आठला न्यायला यायचा. सुरुवातीचे काही दिवस पोर आल्याआल्या म्हणायचं, "काही सांगायचंय का पप्पांना?" ती म्हणायची, "काही नाही. मी फोन केलाय." मग हळूहळू त्याने विचारणं सोडलं. शाळेतल्या गमती सांगू लागला. मित्रांची नावं तिला पहिल्यांदाच कळू लागली.

तीन-चार आठवड्यांनी सहादेव त्याला न्यायला आला तेव्हा चप्पल घालणाऱ्या पोराकडे बघत म्हणाला, "आता पोट दुखत न्हाई त्याचं. बाईंचा फोन बी न्हाई आला."

"बरं झालं," रेश्मा म्हणाली.

दोघं गल्लीतून जाताना तिने पाहिलं. ओंकार बापाचं बोट सोडून पुढे उड्या मारत चालला होता. ती आत आली, दिवा न लावताच कॉटवर बसली. तिला हेच तर हवं होतं. पोर बरं व्हावं म्हणूनच ती निघाली होती. पण ती निघाली आणि पोर बरं झालं, हे मनाशी इतक्या सरळ शब्दांत म्हणणं तिला सोसेना. भागूबाईने भिंतीपलीकडून विचारलं, "लाइट गेली का गं?" तेव्हा ती उठली.

आरती मात्र आली नाही. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. रेश्मा ओंकारबरोबर तिच्यासाठी डबा पाठवायची, डबा धुऊन परत यायचा. दहावीच्या पहिल्या पेपरला रेश्माने अर्धा दिवस रजा काढली आणि सेंटरच्या बाहेर पालकांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. आरतीने तिला पाहिलं. ती जवळ आली नाही. फाटकातून आत जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं, बस.

ती आली ते जूनमध्ये, निकाल लागल्यावर, दुपारच्या वेळी एकटीच. चौऱ्याऐंशी टक्के पडले होते. हातात डिप्लोमाच्या प्रवेशाचे कागद होते.

"पप्पांची शिफ्ट आहे. सही पाहिजे," ती दारातूनच म्हणाली.

रेश्माने सही केली. सही करताना तिने मुद्दाम वेळ लावला, प्रत्येक कागद वाचला. आरती खोली बघत होती. कपाट, मशीन, खुंटीवर ओंकारचा रेनकोट. मग एकाएकी म्हणाली, "तू गेलीस त्या दिवशी मी शाळेत गेले नव्हते."

रेश्माने मान वर केली.

"शेजारच्या मोनिकाच्या गच्चीवर होते. तिथून सगळं दिसत होतं. टेम्पो कोपऱ्यावर थांबला ना, ट्रॅक्टर आडवा होता म्हणून? तेव्हा मला वाटलं, तू उतरशील."

त्या कोपऱ्यावरची दोन मिनिटं रेश्मालाही आठवत होती. तिचा हात टेम्पोच्या दाराच्या कडीवर होता. ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, "जेवलीस का?"

"नाही."

तिने पिठलं टाकलं, दोन भाकरी थापल्या. आरती खाली बसून पोटभर जेवली. ताट उचलून मोरीत ठेवलं, कागद पिशवीत घातले, आणि "येते" म्हणून गेली.

पुढच्या हिवाळ्यात दोघांनी मिळून घटस्फोटाचा अर्ज केला. पहिल्या तारखेनंतर सहा महिने थांबावं लागलं. सहादेव फिरला नाही. दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं विचारलं, "नीट विचार केलाय?" दोघांनीही हो म्हटलं. पोरं कुठं राहणार ते कागदावर आलं, आधी होतं तसंच. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात सहादेवने विचारलं, "चहा घेनार का?" दोघांनी टपरीवर उभ्याने चहा घेतला. मग तो नागापूरच्या रिक्षात बसला, आणि एकाच रिक्षातून जायला नको म्हणून ती मागच्या रिक्षाची वाट बघत थांबली.

ओंकार आता पाचवीत आहे, सायकलवर येतो. आरती आठवड्यातून एकदा तरी डोकावते, कॉलेजातलं सांगते, कधी आईच्या हातून डोक्याला तेल लावून घेते. रेश्माने तिच्यासाठी एक वेगळी गादी करून घेतली आहे. अंधार पडायला लागला की आरती उठते आणि पिशवी उचलते. रेश्मा थांब म्हणत नाही. ती दारापर्यंत जाते आणि पोरगी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते.